रॅथफार्नम हाउसची लोरेटो ॲबी कशी झाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डब्लिनला आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्यांना मी रॅथफार्नमला लोरेटो ॲबी, म्हणजे लोरेटो संघाच्या नन्सचा जुना मठ आणि मुलींची शाळा, बघायला नेते. "मदर तेरेसा इथे राहिल्या होत्या" एवढं सांगितलं की सगळे उत्साहाने निघतात, आणि फाटकाशी पोहोचल्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. मला स्वतःला या घराच्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस मदर तेरेसा वाटत नाहीत. वयाच्या नवव्या वर्षी समुद्रापलीकडे शाळेत धाडलेली फ्रान्सिस बॉल नावाची मुलगी वाटते. त्यामुळे तिच्याबद्दल जरा जास्त लिहिलं गेलं आहे.

हे घर कुठे आहे आणि मुळात कोणाचं?

रॅथफार्नम हे डब्लिन शहराच्या दक्षिणेला, डोंगरांच्या पायथ्याशी असलेलं जुनं गाव. आता ते शहराचाच भाग आहे. इथे १७२५च्या सुमारास विल्यम पॅलिसर नावाच्या धनिकाने लाल विटांचं मोठं घर बांधलं. त्याचे वडील कॅशेलचे आर्चबिशप होते, म्हणजे प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडचे. (प्रॉटेस्टंट धर्मगुरूंना लग्न करता येतं, त्यामुळे "आर्चबिशपचा मुलगा" यात वावगं काही नाही. हा प्रश्नही दर वेळी येतो.) पॅलिसरने आतल्या सजावटीवर हात राखून खर्च केला नाही. चकचकीत महोगनीचं लाकूडकाम होतं आणि एका दालनाच्या भिंतींना नक्षी उठवलेलं चामडं लावलेलं होतं.

१७६८मध्ये पॅलिसर गेल्यावर घर त्याच्या नात्यातल्या रेव्हरंड जॉन पॅलिसर यांच्याकडे आलं. ते इथल्याच पॅरिशचे रेक्टर, म्हणजे स्थानिक चर्चचे मुख्य धर्मगुरू होते. १७९५मध्ये तेही वारले आणि घर विकलं गेलं.

वाडा म्हणायचं की हवेली?

वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौक येतो. इथे चौक नाही. चारी बाजूंनी मोकळं, मध्ये दरवाजा आणि दोन्हीकडे खिडक्यांच्या सारख्या ओळी, अशी ही जॉर्जियन धाटणी. मी हवेली म्हणते. पण मनात ठसा उमटतो तो वाड्याचाच, कारण इथेही पुढे एकाच छपराखाली पन्नास प्रकारचं जगणं चाललं: शाळा, वसतिगृह, मठ, स्वयंपाकघर, प्रार्थनागृह.

रॅथफार्नम कॅसल म्हणजे हेच ना?

नाही. कॅसल वेगळा, जवळच असला तरी. तो १५८३च्या सुमारास आर्चबिशप ॲडम लॉफ्टस यांनी बांधला. १९१३मध्ये तो जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने घेतला आणि आता तो सरकारच्या ताब्यात आहे. दोन्ही वास्तू प्रॉटेस्टंट उच्चवर्गाच्या हातून कॅथलिक संस्थांकडे गेल्या, म्हणून गोंधळ होतो.

याच गावात आणखी एक हवेली आहे, हर्मिटेज. आयरिश स्वातंत्र्यलढ्यातले नेते पॅट्रिक पिअर्स यांनी १९१०मध्ये आपली मुलांची शाळा तिथे आणली. १९१६च्या उठावानंतर ३ मे रोजी त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आयरिश स्वातंत्र्यलढ्यात रस असलेल्या पाहुण्यांना मी आधी तिथे नेते.

पॅलिसरनंतर घर कोणी घेतलं? त्यात आपल्या ओळखीचं नाव आहे असं तुम्ही म्हणता, ते कोणतं?

ग्रिअर्सन. घर घेतलं ते जॉर्ज ग्रिअर्सन यांनी. ते आयर्लंडचे "किंग्ज प्रिंटर", म्हणजे राजाच्या नावाने निघणारे कायदे, हुकूम आणि बायबल छापण्याचा मक्ता असलेले मुद्रक. हा मक्ता घराण्यात आधीपासून होता. याच मुद्रक घराण्यात १८५१मध्ये सर जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन जन्मले. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचे जनक ते हेच. त्या सर्वेक्षणाचा सातवा खंड मराठीचा. तो १९०५मध्ये निघाला. कोकणी, वऱ्हाडी, हळबी असे नमुने त्यात गावोगावहून गोळा करून छापले आहेत. आपल्या बोलींवर काम करणाऱ्याला तो खंड आजही उघडावा लागतो.

या घराण्याची आणखी एक आठवण मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या जॉर्ज ग्रिअर्सनची बायको कॉन्स्टॅन्शिया. किलकेनीच्या गरीब घरातली मुलगी, सुईणीचं काम शिकायला डब्लिनला आलेली. लॅटिन आणि ग्रीकवर तिचं असं प्रभुत्व होतं की नवऱ्याच्या छापखान्यासाठी तिने टेरेन्स आणि टॅसिटस यांच्या लॅटिन ग्रंथांच्या आवृत्त्या संपादित केल्या. १७३२मध्ये ती गेली तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांची होती. रॅथफार्नमचं घर ग्रिअर्सनांनी घेतलं ते तिच्यानंतर साठ वर्षांनी, तेव्हा तिचा आणि या भिंतींचा थेट संबंध नाही. तरी ज्या कुटुंबात अशी बाई होऊन गेली त्यांच्याच घरात पुढे मुलींची शाळा भरली, हे मला फार आवडतं.

एवढं घर विकायला का निघालं?

डब्लिनचीच रया गेली होती. १८०१च्या पहिल्या दिवसापासून आयर्लंडची स्वतंत्र संसद बंद झाली आणि कारभार लंडनला गेला. त्याबरोबर सरदार, जमीनदार, वकील, त्यांच्यावर पोसलेला सगळा गोतावळा पांगायला लागला. मोठी घरं सांभाळणं जड झालं, किमती उतरल्या. शहरातलं सर्वांत भपकेदार लेन्स्टर हाउस १८१५मध्ये एका विद्वत्सभेला विकलं गेलं. आज आयर्लंडची संसद भरते ती तिथेच. क्लॉन्गोजचा किल्ला १८१४मध्ये जेझुइटांनी मुलांच्या शाळेसाठी घेतला.

दुसऱ्या बाजूला कॅथलिक समाज नुकता डोकं वर काढत होता. व्यापारात पैसा आला होता, पण संस्था नव्हत्या. एकीकडे रिकामी घरं, दुसरीकडे संस्था उभारायची घाई. १८२१मध्ये डॉ. डॅनियल मरे यांनी रॅथफार्नम हाउस घेतलं ते या परिस्थितीत. ते पुढे डब्लिनचे आर्चबिशप झाले.

आयर्लंड तर कॅथलिकांचा देश. मग त्यांच्या शाळा आधीपासून नव्हत्या का?

हा प्रश्न विचारला की मी थांबून बोलते, कारण यात सगळ्या गोष्टीचं मूळ आहे.

बहुसंख्य लोक कॅथलिक होते, पण राज्य प्रॉटेस्टंटांचं होतं. १६९५च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवायला बंदी झाली आणि मुलांना शिकायला परदेशी पाठवायलाही बंदी झाली. म्हणजे घरी शिकवायचं नाही आणि बाहेर पाठवायचं नाही. लोकांनी वाटा काढल्याच. गावोगावी कुंपणाआड, गोठ्यात, झोपडीत मास्तर मुलांना शिकवत. त्यांना "हेज स्कूल" म्हणत. पैसेवाले चोरून मुलांना फ्रान्स, स्पेन, बेल्जियमला धाडत. १७८२मध्ये बंदी सैल झाली, पण शिकवायला प्रॉटेस्टंट बिशपची परवानगी लागे. दहा वर्षांनी ती अटही गेली. पार्लमेंटमध्ये बसायचा हक्क मात्र १८२९मध्ये मिळाला.

मुलांसाठी निदान पाद्री व्हायची वाट होती. मुलींच्या शिक्षणाला सर्वांत शेवटी जागा मिळाली. कॉर्कमध्ये नॅनो नेगल यांनी १७७१मध्ये उर्सुलाइन धर्मभगिनी आणल्या होत्या, पण डब्लिनच्या सुखवस्तू कॅथलिक घरांतल्या मुलींसाठी जवळपास नाव घेण्याजोगी सोय नव्हती.

फ्रान्सिस बॉल कोण होत्या?

९ जानेवारी १७९४ रोजी डब्लिनमध्ये जन्मलेली एका रेशीम व्यापाऱ्याची धाकटी मुलगी. वडील जॉन बॉल श्रीमंत होते. मुलीने शिकावं असं त्यांना वाटत होतं आणि जवळ शाळा नव्हती. म्हणून नऊ वर्षांच्या फ्रान्सिसला आयरिश समुद्र ओलांडून इंग्लंडमध्ये यॉर्कला पाठवलं. जहाज, मग घोडागाडी, आणि वर्षानुवर्षं घरापासून दूर.

यॉर्कचं बार कॉन्व्हेंट हेही घरासारखं दिसणारं मठघर आहे. १६८६पासून ते चालू आहे आणि इंग्लंडमधलं आजवर टिकलेलं सर्वांत जुनं कॉन्व्हेंट तेच. बाहेरून पाहिलं तर आत प्रार्थनागृह आहे असं कोणाला कळू नये अशी त्याची बांधणी, कारण बांधलं तेव्हा ते कायद्याविरुद्ध होतं. तिथल्या बायका मेरी वॉर्डची परंपरा मानणाऱ्या. मेरी वॉर्डने १६०९मध्ये स्त्रियांचा असा संघ सुरू केला की जो मठाच्या भिंतीआड कोंडून न घेता, समाजात मिसळून मुलींना शिकवील. पुरुषांच्या हुकमतीखाली नसलेला बायकांचा संघ त्या काळी चर्चला पचला नाही. १६३१मध्ये पोपने तो बरखास्त केला आणि मेरीला म्यूनिकमध्ये कैदेत ठेवलं. ती १६४५मध्ये गेली. तिला संस्थापिका म्हणून चर्चने उघड मान्यता दिली ती १९०९मध्ये, सुरुवातीनंतर तीनशे वर्षांनी.

फ्रान्सिस शिक्षण संपवून घरी आली आणि १८१४मध्ये पुन्हा यॉर्कला गेली, या वेळी नन व्हायला. मरे यांचा बेत ठरलेला होता: तिने तिथे तयार व्हावं आणि परत येऊन डब्लिनला शाळा काढावी. सात वर्षांनी, १८२१मध्ये, ती दोघी सोबतिणींना घेऊन परतली. ४ नोव्हेंबर १८२२ रोजी त्या रॅथफार्नमच्या घरात राहायला आल्या. वय अठ्ठावीस. तिचं धर्मनाम मदर मेरी तेरेसा बॉल.

लोरेटो हे नाव कुठून आलं?

इटलीतल्या लोरेटो या तीर्थक्षेत्रावरून. नाझरेथमधलं मेरीचं घर देवदूतांनी उचलून तिथे आणून ठेवलं अशी श्रद्धा आहे. एका जागचं घर दुसरीकडे रुजल्याची ही कथा या हवेलीला चपखल बसते. संघाचं अधिकृत नाव लांबलचक आहे, पण आयर्लंडमध्ये आणि तिथून पुढे जिथे जिथे या धर्मभगिनी गेल्या तिथे "लोरेटो"च रुळलं. अमेरिकेत केंटकीमध्ये १८१२पासून असलेल्या लोरेटो सिस्टर्स वेगळ्या, त्यांचा यांच्याशी संबंध नाही.

मग "ॲबी" का?

खरं तर ही ॲबी नाही. ॲबी म्हणजे ॲबट वा ॲबेस, म्हणजे मठाधिपती असलेला मठ; इथे तसं कोणी कधी नव्हतं. मुख्य मठ म्हणून नावाला वजन यावं म्हणून तो शब्द चिकटला.

आपण मराठीत "कॉन्व्हेंट" म्हणजे इंग्रजी माध्यमाची शाळा समजतो. मूळ अर्थ नन राहतात ते घर, एवढाच. त्या जिथे राहत तिथेच शिकवत, म्हणून घराचं नाव शाळेला लागलं.

हे सगळं चालवायला पैसा कुठून आला?

एक भाग फीचा. दुसरा भाग ऐकून आपल्याकडच्या बायका चमकतात: हुंडा. मठात येणाऱ्या मुलीबरोबर माहेरून रक्कम यायची आणि तिला हुंड्यासाठीचाच शब्द होता. ती संघाची गंगाजळी. त्यातून घरं घेतली गेली, इमारतींना पंख, म्हणजे बाजूचे नवे भाग, बांधले गेले.

याची दुसरी बाजू सांगायला हवी. ज्यांच्याकडे द्यायला हुंडा नव्हता त्या मुली "ले सिस्टर" म्हणून येत. धुणं, स्वयंपाक, झाडलोट, बाग त्यांच्या वाट्याला. शिकवणाऱ्या आणि राबणाऱ्या असे दोन स्तर एकाच मठात होते, आणि ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कॅथलिक चर्चमध्ये सुधारणा करणाऱ्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मोडले. शाळेचा इतिहास सांगताना त्या बायका बहुधा गाळल्या जातात. शेकडो मुलींची भाकरी रोज त्यांनी भाजली, त्यांच्याशिवाय शाळा एक दिवस चालली नसती.

तरीही एक गोष्ट विसरू नये. त्या काळी लग्न झालेल्या बाईला कायद्याने स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवणं जवळपास अशक्य होतं. इथे मात्र बायका गवंड्यांशी व्यवहार करत होत्या, हिशेब लिहीत होत्या, परदेशी शाखा काढत होत्या.

शाळेत काय शिकवत? आणि कोणाला?

सुरुवातीला निवासी शाळेत आल्या त्या सुखवस्तू घरांतल्या मुली. फ्रेंच, संगीत, चित्रकला, भूगोल, हस्ताक्षर, भरतकाम आणि अर्थातच धर्मशिक्षण. त्याच जोडीला गावातल्या गरीब मुलांसाठी फुकट शाळा. दोन्ही शाळांच्या मुली एका बाकावर बसत नव्हत्या, हे खरं आहे आणि मला ते खटकतं.

मोठा बदल आला तो १८७८मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने माध्यमिक परीक्षा मुलींना खुल्या झाल्या, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने स्त्रियांना विद्यापीठाची पदवी घेता येईल अशी तरतूद झाली. मग भरतकामाबरोबर लॅटिन आणि गणित आलं. १८९३मध्ये लोरेटोने डब्लिनच्या सेंट स्टीफन्स ग्रीनवर कॅथलिक मुलींना विद्यापीठाच्या परीक्षांना बसवण्यासाठी कॉलेज काढलं.

इथून किती ठिकाणी शाखा गेल्या?

सगळ्या सांगत बसत नाही. १८४१मध्ये कोलकाता, १८४५मध्ये जिब्राल्टर आणि मॉरिशस, १८४७मध्ये टोरोंटो. मदर बॉल १९ मे १८६१ रोजी गेल्या, त्यानंतरही ओघ थांबला नाही: १८७५मध्ये ऑस्ट्रेलियातलं बॅलारॅट, १८७८मध्ये दक्षिण आफ्रिका.

कोलकात्याचं लोरेटो हाउसही हवेलीच होती का?

होय, आणि तिचा इतिहास तर आणखी रंगतदार. मदर डेल्फिन हार्ट ही विशीतली तरुण प्रमुख आणि तिच्याबरोबरच्या अशा बारा जणी ३० डिसेंबर १८४१ रोजी कोलकात्याला पोहोचल्या आणि १० जानेवारी १८४२ रोजी शाळा सुरूही झाली. बोटीतून उतरून दोन आठवडेही झाले नव्हते.

जागा मिडलटन रो या रस्त्यावरची. आधी ती बंगालचे गव्हर्नर हेन्री व्हॅन्सिटार्ट यांची बागवाडी होती. मग तिथे सर इलायजा इम्पी राहिले. कोलकात्याच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले सरन्यायाधीश, ज्यांच्या कोर्टात महाराजा नंदकुमारांना फाशीची शिक्षा झाली. ५ ऑगस्ट १७७५ रोजी ती अमलात आली. इम्पींनी घराभोवती हरणं पाळली होती. त्या मृगवनावरून, म्हणजे "डिअर पार्क"वरून, शेजारच्या रस्त्याला पार्क स्ट्रीट नाव पडलं. त्याआधी त्याचं नाव दफनभूमीचा रस्ता असं होतं.

त्या भागाशी मराठ्यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि नागपूरचे पाहुणे असले की मी आवर्जून सांगते. १७४२मध्ये रघूजी भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये उतरल्या. कोलकात्याच्या लोकांनी घाबरून शहराभोवती खंदक खणायला घेतला. तोच मराठा डिच. मराठे कोलकात्यापर्यंत आले नाहीत, आणि शहराच्या दक्षिणेकडे वळण्याआधीच काम सोडून दिलं गेलं. पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. मिडलटन रो ज्या चौरंगी भागात आहे तो त्या वेळी झाडीचाच होता. बागवाड्या, हरणं आणि शाळा हे सगळं त्यानंतरचं.

अर्थात बंगालमध्ये मराठा स्वारांची "बर्गी" म्हणून जी धास्ती होती ती खरी होती आणि तिला कारणंही होती. गावं लुटली गेली होती. हे आपण मराठी माणसांनी कबूल करायला हरकत नाही.

मदर तेरेसा रॅथफार्नमला किती दिवस होत्या?

फक्त सहा आठवडे, फार तर सात. १९२८च्या ऑक्टोबरमध्ये स्कोप्येहून अठरा वर्षांची ॲग्नेस गोंजा बोयाजिउ इथे आली ती इंग्रजी शिकायला. लोरेटोच्या भारतातल्या शाळांत शिकवायचं तर इंग्रजी हवं. डिसेंबरच्या सुरुवातीला ती निघाली आणि ६ जानेवारी १९२९ रोजी कोलकात्याला उतरली. मग दार्जिलिंगला नवशिकी म्हणून, त्यानंतर एन्टालीच्या शाळेत शिक्षिका. १९४८मध्ये लोरेटो सोडून त्या गरिबांच्या वस्तीत गेल्या.

सप्टेंबर १९९७मध्ये त्या गेल्या तेव्हा त्यांचं पार्थिव दर्शनासाठी ठेवलं होतं सेंट थॉमस चर्चमध्ये, मिडलटन रोवर, लोरेटो हाउसला लागून. पार्क स्ट्रीटचं अधिकृत नाव आता मदर तेरेसा सरणी आहे. इम्पींच्या हरणांवरून नाव पडलेला रस्ता रॅथफार्नमहून आलेल्या मुलीच्या नावावर झाला.

शाळा अजून चालू आहे का?

नाही. १९९९मध्ये बंद झाली आणि मालमत्ता विकली गेली. धर्मभगिनी होणाऱ्या मुली कमी होत गेल्या, वसतिगृहात मुलींना ठेवायची पद्धत मागे पडली आणि एवढ्या जुन्या इमारतींची डागडुजी परवडेना. आवारात निवासी इमारती झाल्या. जवळच लोरेटोची बोफर्ट शाळा मात्र चालू आहे.

आत जाता येतं का?

आवार खाजगी आहे. परवानगीशिवाय आत जाऊ नका, रहिवाशांना त्रास होतो. रस्त्यावरून पाहता येतं. कॅसल लोकांसाठी खुला असतो, तो जरूर पाहा.

बाहेरूनच पाहायचं तर काय पाहावं?

मधला लाल विटांचा भाग बघा. तो पॅलिसरचा. मग त्याच्या बाजूंना सरकत जा. १८४०चं प्रार्थनागृह, मग राखाडी ग्रॅनाइटचे पंख. १८६३, १८६९, १९०३, १९२५ अशी दर पिढीत भर पडत गेली. प्रत्येक पंख म्हणजे वाढलेल्या पलंगांची एक रांग, मुलींनी भरलेला आणखी एक वर्ग. खिडक्या मोजायला लागलं की विटांच्या खिडक्या ग्रॅनाइटच्या खिडक्यांपुढे किती थोड्या आहेत ते लक्षात येतं. माझ्या भाचीने एकदा मोजायला घेतल्या. अर्ध्यात पाऊस आला, तर म्हणाली, "मावशी, थांब गं, अजून शाळेची बाजू राहिलीय."